सतरा मुद्दे खोडणारे आप्पा

बोलणाऱ्याने 'पहिला मुद्दा' असं म्हटलं, की आप्पा मध्येच विचारायचे, "एकूण किती हायेत?" एक असेल तर ते समोर उभं राहून ऐकायचे. दोन असतील तर वळून पाठमोरे ऐकायचे. तीन किंवा त्याहून जास्त असतील तर सरळ प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या यंत्रांकडे, जाऊन कामाला लागायचे. माझ्या पहिल्या भाषणात बारा मुद्दे होते. त्यामुळे आप्पांची माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या पाठीशी. खाकी शर्ट, उजव्या खांद्यावर ग्रीसचा डाग, मानेभोवती रुमाल, आणि सगळं लांब लांब जाणारं.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. शिरूरजवळ पत्र्याचे सुटे भाग करणारा आमचा कारखाना होता आणि मी तिथे शिकाऊ इंजिनिअर होते. माझं काम वेळ मोजायचं. एखादं काम करायला कामगाराला किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉच घेऊन टिपायचं आणि त्यावरून तासाला किती नग निघाले पाहिजेत तो आकडा काढायचा. मॅनेजरसाहेबांची सही झाली की तो आकडा शॉपच्या दारातल्या फळ्यावर चढायचा. माझ्या हस्ताक्षरात. वयाच्या तेविसाव्या वर्षी आपलं हस्ताक्षर चाळीस माणसं रोज वाचतात याचं मला बरंच कौतुक होतं.

याद्या करायची सवय मला शाळेपासूनची. अजूनही आहे. किराण्याची यादी मी दुकानातल्या कपाटांच्या क्रमाने लिहिते. यादीत नसलेलं एखादं काम चुकून होऊन गेलं, तर ते आधी यादीत लिहिते आणि मग खोडते. घरचे हसतात. मीही हसले असते, पण त्यासाठी वेळ काढून ठेवलेला नसतो.

कारखान्याला गुरुवारी सुट्टी असायची. सुट्टीनंतर माणसं काम विसरून येतात असा मॅनेजरसाहेबांचा समज होता, म्हणून दर शुक्रवारी पहिल्या पाळीला, सातला प्रेस सुरू होण्याआधी, कुणीतरी अंगणात उभं राहून सहकाऱ्यांशी पाच मिनिटं कामाबद्दल बोलायचं असा नियम होता. हे काम फिरतं होतं. फिरत फिरत ते दर वेळी माझ्यापाशी येऊन थांबायचं. इतरांना ते नको असायचं आणि मला हवं असायचं, एवढंच त्याचं कारण.

आप्पा प्रेस शॉपचे सुपरवायझर. मूळचे दौंडचे. तिथे रेल्वेत फिटर होते, मुदतीआधी निवृत्ती घेऊन इकडे आले होते. आठवडाभर शिरूरला एका खोलीत राहायचे आणि बुधवारी पाळी सुटली की एसटीने दौंडला घरी. दर आठवड्याला घरी जाणारा हा माणूस दर सोमवारी बायकोला पोस्टकार्डही टाकायचा. एकदा ते माझ्याकडे टपालपेटीत टाकायला दिलं, तेव्हा मी वाचलं. वाचू नये हे मला कळत होतं, पण पोस्टकार्ड होतं आणि मजकूर दिसण्यासारखाच होता. लिहिलं होतं, 'बुधवारी येतो. वांगं नको.' बाकी कार्ड कोरं. मी म्हटलं, आप्पा, एवढी जागा उरलीय, खुशाली तरी लिहा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, खुशाल नसतो तर येतो असं लिहिलं असतं का?

चारचौघांत ते मला 'मॅडम' आणि 'तुम्ही' म्हणायचे. कारखान्याच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं की 'पोरी' आणि 'तू'. फाटकाच्या बरोबर मधोमध एखादं वाक्य अर्धं झालं असेल, तर त्याचा पहिला भाग तुम्हीमध्ये आणि दुसरा तूमध्ये असायचा.

शुक्रवारच्या बोलण्याचे नियम मॅनेजरसाहेबांचे होते, पण ते चालवायचे आप्पा. हातात कागद नको. ऐकणारे पत्र्याच्या सावलीत, बोलणारा उन्हात, आणि तोही पूर्वेकडे तोंड करून. सकाळचं ऊन सरळ डोळ्यांत जायचं. याचं कारण मी एकदा विचारलं. ते म्हणाले, सावलीतल्या माणसाला थांबायची घाई नसते. पाच मिनिटं कमी पडतात अशी तक्रार मी केली, तर म्हणाले, "पाच मिनिटं म्हंजी लई झाली. तेवढ्यात मेल येतो, मान्सं उतरत्यात, चढत्यात, चहा पेत्यात आन् गाडी सुटती." रेल्वे सोडून दहा वर्षं झाली होती, पण त्यांचं घड्याळ अजून फलाटावरच होतं.

पुढे काही वर्षांनी ते निवृत्त झाले, त्या समारंभाबद्दल इथेच सांगून टाकते, कारण नंतर जागा होणार नाही. निरोपाला उत्तर म्हणून आप्पा उठले. आम्ही सगळे घड्याळं बघत हसत होतो, की हा माणूस आता दोन शब्द बोलून बसणार. आप्पा चाळीस मिनिटं बोलले. विषय, इंजिनाच्या चाकाजवळचा एक बोल्ट आणि तो किती आवळायचा. कंपनीची बस उभी होती, ड्रायव्हरसुद्धा आत येऊन ऐकत बसला. नंतर मी त्यांना गाठून जाब विचारला. ते म्हणाले, मुद्दा एकच होता की.

आता मूळ गोष्ट.

एका बुधवारी मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक हातमोजा ठेवला होता. सुती, मळका, डाव्या हाताचा. त्याच्या मधल्या बोटाचं टोक सुरीने कापल्यासारखं साफ उडालेलं होतं. मोजा सोपान नावाच्या ऑपरेटरचा. बोट वाचलं होतं, कारण मोजा त्याला मोठा होत होता आणि टोकाशी अर्धा इंच रिकामं कापड होतं.

आमच्या प्रेसला समोर दोन बटणं असायची, एकमेकांपासून हातभर अंतरावर. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच वरचा ठोकळा खाली यायचा. म्हणजे ठोकळा खाली येताना माणसाचे दोन्ही हात बटणांवर, आत एकही नाही. ऑपरेटरांनी यावर उपाय काढला होता. एका बटणात लाकडाची पाचर मारायची, म्हणजे ते दाबलेलंच राहतं. मग एका हाताने दुसरं बटण दाबायचं आणि दुसऱ्या हाताने पत्रा आत सरकवत राहायचं. काम भराभर होतं, आणि एक हात सतत ठोकळ्याखाली ये-जा करतो. आप्पा रोज पाचरी काढून एका डब्यात टाकायचे. दुसऱ्या दिवशी नव्या पाचरी बसलेल्या असायच्या.

मॅनेजरसाहेबांनी सांगितलं, परवा शुक्रवारी या विषयावर बोला. अटी घातल्या. पाच मिनिटांत. कुणाचं नाव घ्यायचं नाही. कंपनीवर काही येईल असं बोलायचं नाही. आणि शुक्रवारनंतर ज्याच्या मशीनला पाचर सापडेल तो घरी. जाता जाता हेही म्हणाले, की महिनाअखेरीला मला नोकरीत कायम करायचं की नाही ते ठरणार आहे आणि हे भाषण ते स्वतः ऐकायला येतील.

मी खोलीवर न जाता स्टोअरच्या टेबलावर बसून यादी केली. सतरा मुद्दे झाले. बोटाची किंमत, कुटुंबाची जबाबदारी, यंत्राची रचना, दोन बटणांमागचं तत्त्व, मोजे कसे निवडावेत, मोजे कसे धुवावेत. मोजे धुण्याचा मुद्दा मला तेव्हा महत्त्वाचा वाटला होता. सतरा मुद्द्यांना पाच मिनिटं, म्हणजे प्रत्येकाला साधारण साडेसतरा सेकंद. मी तसे सेकंदही समोर लिहिले. आप्पा दौंडला निघण्याच्या गडबडीत होते. फाटकाशी मी त्यांच्या हातात कागद दिला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला, घडी केली, परत दिला आणि म्हणाले, उद्या दौंडला घरी ये, तुझ्या काकूला ऐकव. तिला कळलं तर समद्यांना कळंल.

गुरुवारी सकाळच्या एसटीने मी दौंडला गेले. आप्पांचं घर रेल्वे कॉलनीपलीकडे, रुळांपासून फार लांब नव्हतं. काकू मागच्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. आप्पांनी मला भिंतीपाशी उभं केलं, सूर्य कुठे आहे ते पाहून जरा डावीकडे सरकवलं, आणि स्वतः पाठ फिरवून बसले.

मी सुरुवात केली. तिसऱ्या मुद्द्याला मालगाडी आली. मी थांबले. आप्पा पाठमोरेच म्हणाले, "बोलत ऱ्हा. शॉपमध्ये कॉम्प्रेसर काय तुझ्यासाठी बंद ठेवणार हायेत का?" मी ओरडून बोलत राहिले. डबे संपेनात. गाडी गेली तेव्हा मी नवव्या मुद्द्यावर होते आणि माझा घसा बसला होता. मोजे धुण्यापर्यंत येता येता मला स्वतःलाच माझा कंटाळा आला.

आप्पांनी काकूंना विचारलं, काय काय ध्यानात राहिलं. काकूंनी जरा विचार केला. म्हणाल्या, बोट तुटंल हे कळलं, पण ते तर त्या पोरांना बी ठाऊक असंल. मग शेंगा फोडत फोडतच मला म्हणाल्या,

"पर बोट तुटंल हे ठाऊक असून बी ते पाचर का मारत्यात, ते न्हाई सांगितलंस तू."

मी म्हटलं, टार्गेटसाठी. तासाला चारशे नग काढायचे असतात ना, ते दोन हातांनी बटणं दाबत बसलं तर निघत नाहीत.

"मग चारशे कुणी ठरवलं?"

मी म्हटलं, मी.

हे म्हणताना माझा सूर अजून माहिती सांगणाऱ्याचाच होता. चारशे हा आकडा कसा शास्त्रशुद्ध आहे हे मी काकूंना समजावून सांगू लागले. घरात बसून कुणी तो काढलेला नव्हता. सगळ्यात चांगल्या ऑपरेटरसमोर मी सलग दोन तास उभी राहिले होते, प्रत्येक नगाचे सेकंद लिहिले होते, सरासरी काढली होती, थकव्यासाठी सूट दिली होती. आप्पा तोवर वळून बसले होते. त्यांनी विचारलं, कुणाचं टायमिंग घेतलं होतंस. सोपानचं, मी म्हटलं.

"त्याचे हात बघितले व्हते का?"

मी घड्याळ बघत होते. घड्याळ आणि कागद. सोपानकडे पाहिलं असेल तर नग खाली पडल्याचा आवाज आला म्हणून. दोन तास मी त्याच्यापासून तीन फुटांवर उभी होते आणि त्याचा डावा हात कुठे होता हे मला सांगता येत नव्हतं.

आप्पांनाही त्या दिवशीपर्यंत खात्री नव्हती, पण शंका होती. ते म्हणाले, चारशेचं टायमिंग घेतलं तेव्हा ते रजेवर होते, आणि परत आले तर पहिली पाचर सोपानच्या मशीनला सापडली. तेव्हा एकच होती. फळ्यावर चारशे लागल्यावर महिन्याभरात सगळ्या मशीनला झाल्या. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, खिशातलं पेन काढलं आणि एकेक मुद्दा खोडला. घाई केली नाही. सतराही खोडले. कागद परत देताना म्हणाले, "मी बी नुसत्या पाचरीच काढत बसलो, पोरी."

काकूंनी जेवायला वाढलं. मी जेवले का, काय जेवले, आठवत नाही. परतीच्या एसटीत मी वही उघडली आणि 'आता काय करता येईल' असा मथळा लिहून चार ओळींची यादी केली. एक, सुट्टी घेणं. दोन, मोजे धुण्याबद्दल बोलणं. तीन आणि चार खोडलेले आहेत, आता वाचता येत नाहीत.

शुक्रवारी सातला पाच मिनिटं कमी असताना मी उन्हात उभी राहिले. समोर सावलीत चाळीस माणसं. ऊन डोळ्यांत असल्यामुळे चेहरे दिसत नव्हते, एका बाजूला मॅनेजरसाहेबांचा पांढरा शर्ट मात्र ओळखू येत होता. आप्पांनी सवयीने विचारलं, "एकूण किती हायेत?" मी एक म्हटलं. ते समोर येऊन उभे राहिले.

मी म्हणाले, "फळ्यावरचा चारशेचा आकडा मी काढलाय. तो काढताना मशीनला पाचर होती आणि मी ती बघितली नाही. आकडा चुकलाय. दोन हातांनी तो निघत नाही, एका हाताने काढू नका. पाचरी काढा."

झालं. एवढंच. फार तर अर्धं मिनिट गेलं असेल. कुणी हललं नाही. त्यांना वाटलं ही श्वास घ्यायला थांबलीय. मला थांबायची सवय नव्हती आणि त्यांना माझ्या थांबण्याची. शेवटी सावलीतून सोपानचा आवाज आला.

"मॅडम, मग आज किती काढायचे?"

आकडा बदलायला मॅनेजरसाहेबांची सही लागते आणि मी त्या पांढऱ्या शर्टाकडे बघायचं टाळत होते. आप्पा बोलले, माझ्याकडे तोंड ठेवूनच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्हणाले, दोन हातांनी निघतील तेवढे.

सात वाजता मी शॉपमध्ये फिरले. सात मशीनपैकी सहांच्या पाचरी आप्पांच्या डब्यात पडल्या होत्या. सोपानची काढलेली होती, पण त्याने ती शर्टाच्या खिशात ठेवली होती. टोक वर दिसत होतं. मी मागितली. तो म्हणाला, आकडा तुम्ही चुकला म्हणलात, पर फळ्यावर अजून चारशेच हाय. पुसा, मग देतो. मग जरा खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही घड्याळ घिऊन उभ्या ऱ्हायल्या. मला वाटलं, शर्यत हाय."

जगभर वेळ मोजायला माणूस आला की कामगार टार्गेट कमी लागावं म्हणून मुद्दाम हळू काम करतात, आमच्या पुस्तकात त्यावर पूर्ण प्रकरण होतं. सोपानसारखा बैलगाड्यांच्या शर्यतींच्या गावचा माणूस समोर असला तर काय होतं, यावर प्रकरण नव्हतं. आणि पुस्तकात नव्हतं म्हणून मी विचारलंही नव्हतं.

केबिनमध्ये मॅनेजरसाहेब ओरडले नाहीत. ते म्हणाले, चूक होती तर आधी मला सांगायची होती, सगळ्यांसमोर का? हे खरं होतं. मी म्हटलं, गुरुवारी सुट्टी होती. ते म्हणाले, परत मोजा. उद्या. आकडा नीट आला तरच सही करीन, आणि नीट म्हणजे किती ते मी ठरवीन.

शनिवारी परत मोजणी झाली. या वेळी घड्याळ आप्पांच्या हातात होतं आणि ते सेकंद मोठ्याने सांगत होते. मी हात बघत होते. दोन हात बटणांवर, ठोकळा खाली, ठोकळा वर, हात पत्र्याकडे, परत बटणांवर. एवढं सोपं काम मी इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. दुपारपर्यंत दोनशे ऐंशीचा आकडा आला. सोपान जीव तोडून करत होता, हे कपाळावरून दिसत होतं. आप्पांनी मध्येच घड्याळ बंद केलं आणि त्याला म्हणाले, "सोपान, शर्यत न्हाई ही. रोज करशील तसं कर." नंतरचा आकडा दोनशे साठ आला. मी तोच लिहिला.

मॅनेजरसाहेबांनी दोनशे साठवर सही करायला सोमवार उजाडवला. मधल्या काळात त्यांनी पुण्याला, मुख्य ऑफिसला, दोनदा फोन केला होता असं ऐकलं. सोमवारी मी चारशे पुसला आणि नवा आकडा लिहिला. सोपानने खिशातली पाचर काढून माझ्या हातात दिली. बाभळीची होती, चाकूने तासून गुळगुळीत केलेली, बटणाच्या खाचेत केसाएवढीही फट राहू नये अशी. आप्पांनी ती माझ्याकडून घेतली, अंगठ्याने धार बघितली आणि सोपानला म्हणाले की काम चांगलं केलं होतंस. मग ती डब्यात टाकून डबा कँटीनच्या चुलीकडे पाठवून दिला.

महिनाअखेरीला माझं पत्र आलं. मला कायम केलं नव्हतं. शिकाऊ मुदत सहा महिन्यांनी वाढवली होती, कारण 'मोजमापात अपेक्षित काळजी घेतली गेली नाही'. वाक्य बरोबर होतं, त्यात खोडण्यासारखं काही नव्हतं. मी पत्र आप्पांना दाखवायला शॉपमध्ये घेऊन गेले. त्यांनी ते वाचलं, घडी केली, परत दिलं. शेजारच्या मशीनवर सोपान पत्र्याचा गठ्ठा सोडत होता. त्याला आधीच कळलं होतं; कारखान्यात पत्र टाईप व्हायच्या आत सगळ्यांना कळतं.

"मॅडम," तो म्हणाला, "आमचं टार्गेट कमी झालं, आन् तुमचं सहा महिन्यांनी वाढलं की वो."

आजूबाजूचे हसले. मीही हसले, जरा उशिरा. आप्पांनी घड्याळाकडे पाहून सोपानला म्हटलं, "झालं का बोलून? मशीन लाव."

सोपानने पत्रा आत सरकवला, हात बाहेर घेतले, आणि दोन्ही हात दोन्ही बटणांवर टाकले.